शॉकअप परत मागवलेत, आता जरा आमचंही ऐका

घरी जोडायच्या गाडीचं किट बनवणारी कंपनी आणि त्या किटसाठी शॉक ॲब्झॉर्बर बनवणारी कंपनी, दोघांनाही एकत्रच नमस्कार.

एकत्र लिहितोय कारण वेगवेगळं लिहून झालं. किटवाले म्हणतात शॉकअपचं त्यांना विचारा, शॉकअपवाले म्हणतात आम्ही थेट गिऱ्हाइकाशी बोलत नाही तुमच्या किटवाल्यांना विचारा, आणि या टोलवाटोलवीत माझी गाडी अकरा आठवडे झाले चार जॅक स्टँडवर उभी आहे. म्हणून म्हटलं एकच पत्र लिहू आणि सगळ्यांसमोर लिहू, म्हणजे "आम्हाला मिळालंच नाही" ही भानगड नको.

आधी एक स्पष्ट करतो. तुम्ही शॉकअप परत मागवले याबद्दल माझी तक्रार नाही, उलट मनापासून आभार. शॉकअपच्या आतबाहेर सरकणाऱ्या दांड्याचे आटे कमकुवत निघालेत हे स्वतःहून सांगायला धमक लागते, गप्प बसला असतात तर आम्हाला कळलं असतं ते एखाद्या वळणावर, आणि तेव्हा कळून उपयोग नव्हता. तक्रार आहे ती परत मागवायच्या पद्धतीवर. तुम्ही असं धरून चाललात की गाडी शोरूममधून निघालीये, तिचा मालक तुमच्या वहीत आहे, आणि तो चावी काउंटरवर ठेवून पेपर वाचत बसणार. आमच्यातलं एकही असं नाहीये हो. आमच्या गाड्या खोक्यातून आल्या.

मला हा रिकॉल कळला कसा ते ऐका. तुमच्याकडून नाही कळला. माझ्यासारखंच किट जोडणाऱ्या एका मित्राचा फोन आला, म्हणाला अरे तुझ्या गाडीला ते पिवळ्या स्टिकरचे शॉकअप आहेत का, असतील तर चालवू नकोस. मी त्याच दिवशी सकाळी बायकोला शेजारी बसवून चक्कर मारून आलो होतो. तुमची सूचना गेली ती किट ज्याने मूळ घेतलं त्या माणसाला, त्याने ते अर्धवट जोडून दुसऱ्याला विकलं, दुसऱ्याने नुसतं झाकून ठेवलं आणि दोन वर्षांनी मला विकलं. किट कारच्या दुनियेत हे काय नवीन आहे का? निम्म्या किटांचं असंच होतं, माणूस हौसेने घेतो, चासी उभी राहते, मग बदली होते नाहीतर मूल होतं नाहीतर पाठ धरते, आणि गाडी दुसऱ्याच्या गॅरेजात जाते. हे तुमच्या विक्रीवाल्यांना तोंडपाठ आहे, कारण "अर्धवट किट घेतलंय, राहिलेले पार्ट पाठवा" असे फोन त्यांनाच येतात आणि ते पार्ट तुम्ही आनंदाने विकता. मला पण विकलेत. स्टिअरिंगचा रॅक विकताना मी तुमचा ग्राहक होतो आणि शॉकअपचं विचारलं तर उत्तर आलं की "आपण आमचे नोंदणीकृत ग्राहक नाही". वा.

मग मी शहाणपणा करून चासी नंबर टाकून बघितला. कारखान्यातल्या गाडीचा सतरा अक्षरी नंबर असतो, त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं मुद्दाम ठेवत नाहीत, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून, इतका बारीक विचार त्यात केलेला असतो. आणि त्या नंबरावरून कुठल्या कारखान्यात कुठल्या वर्षी काय बनलं ते कळतं म्हणूनच रिकॉल चालतो. आमच्या गाडीला जो नंबर मिळतो त्यातून तुमच्या शॉकअपच्या लॉटचं काय कळणार, कपाळ? नंबर टाकल्यावर हिरव्या अक्षरात आलं, या वाहनासाठी कोणताही रिकॉल नाही. हिरव्या अक्षरात! ज्याला मित्राचा फोन आला नाही तो माणूस ते बघून निवांत गाडी काढेल की नाही, तुम्हीच सांगा.

तुम्हाला शोधायचा होता तो शॉकअपचा नंबर. तो असतो कुठे, तर शॉकअपच्या नळकांड्यावर, स्प्रिंगच्या आत, वरच्या चकतीच्या सावलीत. माझ्या पुढच्या दोन्ही शॉकअपचे नंबर दिसले, मागच्या एकावरचं स्टिकर ब्रेक क्लीनरने पुसून पांढरंफटक झालेलं, आणि चौथ्याचा नंबर वाचायला दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घालून उलटी अक्षरं सुलटी करत बसलो. सूचनेत एक फोटो टाकला असतात, की बाबा नंबर इथे आहे, नाही दिसला तर नळकांड्याच्या तळाशी ठोकलेला दुसरा खूण-आकडा असा असतो, तर किती जणांचे गुडघे वाचले असते.

आता मूळ मुद्दा, जो लिहिताना मला खरंच राग येतोय. तुमच्या सूचनेत एक ओळ आहे, "जॅक लावून गाडी उचलावी, चाक हाताने वरखाली हलवून शॉक ॲब्झॉर्बरमध्ये सैलपणा आहे का ते पाहावे". ही ओळ ज्याने लिहिली त्याने हा शॉकअप कधी हातात धरलेला नाही, उंटावरून शेळ्या हाकल्यात.

कारण बघा, साध्या गाडीत पुष्कळदा स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, तिथे शॉकअप तुटला तर गाडी उड्या मारेल, टायर खराब होतील, पण ती उभी राहील. आमच्याकडे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, खालची चकती नळकांड्याच्या आट्यांवर, वरची टोपी दांड्याच्या डोळ्याखाली (डोळा म्हणजे टोकाचं ते कडं, ज्यातून बोल्ट जातो). गाडी चाकांवर उभी असते तेव्हा वजन स्प्रिंगमधून त्या टोपीत आणि टोपीतून डोळ्यात जातं, दांडा आणि डोळा जिथे आट्यांनी जोडलेत त्या जोडावर तेव्हा फारसं काही येतच नाही. तडा गेलेला असला तरी गाडी ऐटीत उभी राहते. पण चाक लटकलं रे लटकलं की सगळं उलटं होतं. स्प्रिंगला उलगडायचंय, आणि तिला धरून ठेवणारी गोष्ट एकच उरते, तो दांडा आणि त्याचे आटे. माझ्या स्प्रिंगा वीस मिलिमीटर आधीच दाबून बसवल्यात, एक मिलिमीटरला चार किलोचा जोर धरला तर ऐंशी किलो नुसत्या ओढीत. वर चाक, हब, ब्रेक हे सगळं झटक्यात खाली येतं त्याचा हिसका वेगळाच, गतिरोधकावरून जरा जोरात उतरलं की असा हिसका दर वेळी बसतो.

म्हणजे तडा गेलेल्या आट्यांना सगळ्यात वाईट वेळ कोणती, तर गाडी जॅकवर उचलल्यावर. आणि तुम्ही लोकांना सांगताय की गाडी उचला, चाकाच्या कमानीत डोकं घाला आणि हलवून बघा! सैलपणा बघता बघता आटा सुटला तर स्प्रिंग विचारून बाहेर येत नाही. आणि गाडीवरून काढून हातात धरलेला शॉकअप तर त्याहून भारी, त्याला टोकाला बोल्टसुद्धा नसतो, डोळा सुटला की सरळ तोंडावर. मी गाडी चाकांवर असतानाच, स्प्रिंग दबलेली असताना, तिच्या वेटोळ्यांना दोन बाजूंनी क्लॅम्प लावले आणि मगच जॅकला हात घातला. हे मला सुचलं कारण मी याआधी एकदा स्प्रिंगकडून अंगठा सुजवून घेतलाय, तुमच्या कागदात वाचून सुचलं नाही. ती ओळ आजच्या आज काढा. बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल.

क्लॅम्प लावून चारही काढले. तीन नजरेला ठीक होते. चौथा, मागचा डावा, त्याचं लॉकनट एक फेरा खाली उतरवलं तर पहिल्या आट्याच्या खोबणीत गंजाच्या रंगाची एक केसाएवढी रेघ. मनाची समजूत घातली की घाण असेल. पुसलं, तरी आहे. मग तो तड्यांचा लाल द्रव मारला, दहा मिनिटं थांबून स्वच्छ पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. पांढऱ्यातून हळूहळू लाल रेघ वर आली, आधी ठिपका, मग दुसरा ठिपका, मग दोन्ही जुळून जवळजवळ अर्ध्या परिघाची कमान. गॅरेजमध्ये मी एकटाच होतो, बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. सकाळच्या त्या चकरेत बायको ज्या बाजूला बसली होती तिच्या मागचंच ते चाक.

फोटो काढले, तुम्हाला पाठवले. उत्तर काय आलं? "लॉकनट हलवल्याने ग्राहकाकडून छेडछाड झाल्याचे दिसते." अहो ज्या जागेचा दोष आहे म्हणून तुम्ही सांगताय ती जागा लॉकनटच्या खालीच आहे ना, न हलवता दिसणार कशी? आंधळा मागतो एक डोळा असं म्हणतात, मी तर एक ओळ मागत होतो, की हो बघितलं, गंभीर आहे.

बरं दोष नक्की कसला आहे ते तरी सांगा. सूचनेत लिहिलंय "काही लॉटमध्ये आट्यांची गुणवत्ता अपेक्षित दर्जाची नाही". हे म्हणजे पेशंटला तब्येत अपेक्षित दर्जाची नाही असं सांगण्यासारखं झालं. आम्ही निदान स्वतःच्या हाताने गाडी जोडणारे लोक आहोत, आम्हाला कारण समजतं, आणि कारणावर आमचं वागणं ठरतं. आट्यांमध्ये भार सगळीकडे सारखा वाटला जात नाही, पहिला अडकलेला आटा एकटाच साधारण एक तृतीयांश भार घेतो, म्हणून तडा बहुतेकदा तिथूनच निघतो हे ठीक. पण तो निघाला का? आटे लाटून पाडायच्या ऐवजी कापून पाडले आणि खोबणीचं टोक फार तीक्ष्ण राहिलं, असं असेल तर हे थकव्याचं प्रकरण आहे, म्हणजे जितके हिसके तितका तडा पुढे. मग ज्याची गाडी आठशे किलोमीटर चाललीये त्याच्यापेक्षा ज्याची आठ हजार चाललीये त्याला आधी गाठा.

आणि जर भानगड क्रोम चढवण्यात असेल तर गोष्ट वेगळीच. क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो, पोलाद जितकं कडक तितकं त्याला हे जास्त बाधतं. तो बाहेर काढायला दांडे क्रोमनंतर लगेच भट्टीत १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास भाजून घ्यावे लागतात. ते राहिलं किंवा उशिरा केलं तर दांडा आतून ठिसूळ होतो, आणि मग तो न चालवता, नुसत्या ताणाखाली लटकत राहूनही तुटू शकतो, आज नाही तर चार दिवसांनी. म्हणजे गाडी जॅक स्टँडवर चाकं लटकवून ठेवणं हाच सगळ्यात चुकीचा उपाय ठरतो! आणि तुमच्या सूचनेत काय लिहिलंय? "दुरुस्ती होईपर्यंत वाहन वापरू नये." शंभर टक्के खात्रीने सांगतो, हे वाचून निम्म्या लोकांनी गाडी स्टँडवर चढवली असणार, शॉकअप न काढता. म्हणून विचारतोय, कापून पाडलेले आटे का न भाजलेलं क्रोम? माझा तडा गेलेला दांडा आता तुमच्याकडेच आहे. कापून भिंगाखाली धरला असेल तर थकव्याचा तडा असताना झाडाच्या खोडासारखी गुळगुळीत वर्तुळं दिसतात आणि शेवटी तुटलेला भाग खडबडीत. वर्तुळं दिसली का? एवढंच सांगा, बाकी मी समजून घेतो.

आता तुमचं ते लाडकं वाक्य, "वाहनाचा निर्माता जोडणी करणारा स्वतः असल्याने". हे वाक्य तुमच्या तीन मेलमध्ये तीनदा आहे. त्याचा इतिहास मला माहीत आहे हो. १९५७ ला लोटस कंपनीची सेव्हन ही किटमध्ये मिळणारी गाडी आली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता आणि सुट्या भागांच्या किटवर नव्हता, म्हणून लोक खोक्यातून गाडी घ्यायचे. जोडायच्या सूचना दिल्या तर कर लागेल म्हणून गाडी सुटी कशी करायची त्याच्या सूचना द्यायचे आणि लोक त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायचे, असा किस्सा किटवाले एकमेकांना अजून सांगतात. १९७३ ला तो कर गेला, नवीन कर आला आणि किटचा तो फायदा संपला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीला दिले. कर जाऊन इतकी वर्षं झाली पण "गाडी तुम्ही बनवलीत" हे वाक्य राहिलं, कारण ते आता दुसऱ्या कामाला येतं, हात वर करायला.

गाडी मी बनवली, मान्य आहे, अभिमानाने मान्य आहे. वायरिंगमध्ये काही जळलं तर ते माझं. ब्रेकच्या नळीला मी चुकीचा बाक दिला असेल तर ते माझं. पण दांड्यावर क्रोम मी चढवलं नाही, आटे मी पाडले नाहीत. तो शॉकअप बंद खोक्यात आला, मी दोन बोल्ट लावले. अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने दोष कळवणं बंधनकारक झालं आणि १९७४ च्या दुरुस्तीने तो फुकटात दूर करून देणंही, आणि त्यात नुसत्या गाड्या बनवणारे येत नाहीत, सुटे भाग बनवणारेही येतात. म्हणजे पार्ट ज्याचा दोष त्याचा, हा विचार काही मी आज चहा पिता पिता काढलेला नाही, अर्ध्या शतकाहून जुना आहे.

आमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. शॉकअप बसवताना आम्ही लोक गाढवपणा करतो. डोळ्यातल्या गोल बेअरिंगला जेवढं तिरकं फिरता येतं त्यापेक्षा जास्त कोनात ब्रॅकेट वेल्ड केलेली मी दोन गाड्यांवर पाहिलीत, चाक वर गेलं की बेअरिंग कडेला टेकतं आणि मग दांड्याला वाकवायला लागतं, अशा गाडीवर जगातला उत्तम दांडाही टिकणार नाही. बोल्टला एकाच बाजूने आधार दिलेले आहेत. वापरलेले नायलॉनचे नट परत वापरणारे आहेत (मीही, एकदा). तेव्हा "जोडणी तपासा" असं तुम्ही म्हणालात तर मी सगळ्यात आधी हो म्हणेन. पण मग ते नीट विचारा, दोन फोटो मागवा, एक चाक लटकतानाचा आणि एक दबलेला, बेअरिंग टेकतंय का ते तुमच्या माणसाला फोटोतच दिसेल. ते न करता तुम्ही काय मागितलंत, तर "अधिकृत फिटरचे प्रमाणपत्र". कुठला अधिकृत फिटर? तुमच्या किटला अधिकृत फिटर कधी होता? मी गाडी विकत घेताना जाहिरातीत लिहिलेलं होतं की घरच्या घरी साध्या पान्यांनी जोडता येते. जोडायला मी चालतो, आणि चार बोल्ट काढून परत लावायला अधिकृत फिटर लागतो. शेवटी माझ्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने हसत हसत शिक्का मारून दिला, त्याने गाडी बघितली पण नाही, माझ्यावर विश्वास म्हणून. असलं प्रमाणपत्र घेऊन तुम्हाला काय मिळालं ते तुमचं तुम्हाला माहीत.

शिवाय अट अशी की आधी जुने चारही पाठवा, मग नवीन देऊ. सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत गाडी जागची हलवता येत नाही, कारण शॉकअप नाहीत म्हणजे स्प्रिंगाही नाहीत, चाकं जमिनीला टेकवली तर चासी जमिनीवर बसते. माझं गॅरेज आहे म्हणून निभावलं, एका जणाची गाडी भाड्याच्या शेडमध्ये होती आणि त्याला शेड रिकामी करायची होती, त्याने चार लाकडी दांडके कापून शॉकअपच्या जागी बोल्ट करून गाडी ढकलत नेली. लाकडी शॉकअप. दोष नव्हता त्यांच्यात म्हणे.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र खरं म्हणजे लिहायला बसलो ते. नवीन आले. खोकं उघडलं, माल दिसायला देखणा, दांडा एक माप जाड, आटे जाड, डोळ्याजवळ छान गोलाई दिलेली, हात फिरवून बरं वाटलं. सोबत चिठ्ठी, "सुधारित आवृत्ती, थेट जुन्याच्या जागी बसते". मागचा डावा आधी बसवला, कारण तोच मनात बसलेला. डोळ्याची रुंदी जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी, ठीक आहे, वायसर टाकून भरून काढली (चिठ्ठीत याबद्दल अक्षर नाही, पण ठीक आहे). बोल्ट ओढले, क्लॅम्प काढले, चाक लटकू दिलं. माझी मुलगी टॉर्च धरून बसली होती, तिला असल्या कामांचा कंटाळा येतो पण टॉर्च मात्र ती माझ्यापेक्षा चांगली धरते. ती म्हणाली, "बाबा, ही नळी एवढी ताठ असते का?"

ब्रेकची लवचिक नळी. जिला नेहमी छान पोट सुटलेलं असतं ती तारेसारखी ओढलेली, टोकाच्या धातूच्या कडेवर वाकलेली. बोटाने टिचकी मारली तर आवाज आला. मी पट्टी काढली आणि शॉकअप पूर्ण उघडा असताना मोजला, डोळ्याच्या मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत. जुन्यांचं माप माझ्या वहीत होतं कारण मी पाठवण्याआधी लिहून ठेवलं होतं. नवा चौदा मिलिमीटर लांब.

चौदा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण आमचा शॉकअप चाकापाशी नसतो, विशबोनच्या (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांडीच्या) मध्याच्या आसपास तिरका असतो, माझ्या गाडीत चाक दहा मिलिमीटर हललं की शॉकअप सहाच हलतो. म्हणजे शॉकअप चौदा लांब झाला की चाक तेवीस मिलिमीटर जास्त खाली जाणार. आणि आमच्या किटमध्ये चाक किती खाली जायचं ते थांबवणारा दुसरा कोणी नाहीच, ना पट्टा ना रबर, शॉकअप पूर्ण उघडला की तोच थांबा. तुम्ही आतला दांडा जाड केलात, छान केलंत, पण तो थांबाच तेवीस मिलिमीटर खाली सरकवलात. एका खड्ड्यावरून चाक नीट लटकलं की नळी ओढणार, दहा वेळा ओढणार, आणि एके दिवशी ब्रेक ऑइल बाहेर. शॉकअप तुटण्याचा धोका काढून ब्रेक जाण्याचा धोका बसवलात, आगीतून फुफाट्यात. आणि "थेट जुन्याच्या जागी बसते" यावर विश्वास ठेवून ज्याने चारही बसवून, चाकं लावून, गाडी खाली उतरवली त्याला हे दिसणारच नाही, कारण गाडी चाकांवर उभी असताना नळी पुन्हा सैल, पोट सुटलेली. ते दिसायला लटकलेल्या चाकाखाली टॉर्च घेऊन कोणीतरी बसावं लागतं.

उपाय तुमच्याच हातात आहे, आणि अवघड नाही. शॉकअप उघडून दांड्यावर पिस्टनच्या वरच्या बाजूला चौदा मिलिमीटरची कडी घालता येते, म्हणजे तो तेवढा आधीच थांबेल. हे आम्ही घरी नाही करू शकत, आत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो आणि तो परत भरायचं यंत्र आमच्याकडे नाही. नाहीतर लांब नळ्या पाठवा, पण मग मागच्या ॲक्सलचे सांधे त्या कोनात चालतात का ते आधी तुम्ही एका गाडीवर प्रत्यक्ष बघा, आमच्या गाड्यांवर प्रयोग नको. तोपर्यंत निदान एक ओळ सगळ्यांना पाठवा की चाक पूर्ण लटकवून ब्रेकची नळी बघा. मी तुम्हाला हे चार आठवड्यांपूर्वी कळवलंय, मापांसकट, फोटोंसकट. उत्तरात एक आपोआप येणारा मेल आला, त्यात माझा तक्रार क्रमांक आहे आणि खाली नवीन रंगाच्या स्टिअरिंग व्हीलची जाहिरात आहे.

शॉकअप बदलल्यावर गाडीची उंची परत बसवावी लागते, चारही चाकांवरचं वजन परत जुळवावं लागतं, अलाइनमेंट करावी लागते, हेडलाइटचा झोतसुद्धा परत लावावा लागतो. यातलं काहीही तुमच्या रिकॉलमध्ये धरलेलं नाही, पार्ट दिला की आमचं काम संपलं असा एकूण सूर आहे. त्यावर मी आज भांडत नाही. दोन रविवार माझे गेले तर गेले, मला हे काम आवडतं. निदान नवीन स्प्रिंगची चकती कुठल्या आट्यावर ठेवून सुरुवात करायची तो आकडा दिलात तरी पुष्कळ.

आणि जे सापडले नाहीत त्यांना शोधा. तुमच्याकडे सुटे पार्ट घेणाऱ्यांचे पत्ते आहेत, मॅन्युअल मागवणाऱ्यांचे आहेत, तुमच्या मेळाव्याला गाडी घेऊन येणाऱ्यांचे तर गाडीच्या फोटोसकट आहेत, ते फोटो तुम्ही जाहिरातीत वापरता. त्यातल्या बऱ्याच फोटोंत पिवळं स्टिकर स्पष्ट दिसतंय, मी मोजली, नऊ गाड्या. सुरुवात तिथून करा.

माझ्या बाजूची परिस्थिती अशी, की एक नवीन शॉकअप गाडीवर आहे, त्याच्या खाली लाकडाचा ठोकळा देऊन चाक वर धरून ठेवलंय, नळी सैल आहे. तीन खोक्यात आहेत, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. परत हवे असतील तर माणूस पाठवा, या वेळी आधी मी पाठवणार नाही. पत्ता तुमच्याकडे असेलच, स्टिअरिंग रॅकच्या पावतीवर आहे.

आपला,
चार स्टँडवर उभ्या असलेल्या एका गाडीचा, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे, निर्माता